ड्रॅगन मेल्यावर बाजार कसा सांभाळावा

काल्पनिक मध्ययुग चालवणाऱ्या डंजन मास्टरांसाठी सात पायऱ्यांची नियमावली

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टरला, राक्षसांची भीती नसते. ते त्याच्याच वहीत असतात. भीती असते ती टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मित्राची. हा दिवसा लोकांचे ऑडिट करतो आणि रविवारी संध्याकाळी ड्वार्फ होऊन येतो. बाकीचे गुहेच्या तोंडाशी श्वास रोखून उभे असताना तो विचारतो, “गावात घरं चाळीस. मग खाणावळवाल्याकडे सोन्याच्या मोहरेचे सुटे आले कुठून?” अशा वेळी नुसते फासे टाकून भागत नाही. पुढील सूचना क्रमाने अमलात आणाव्यात.

पायरी १ : नाणे तोलून पाहावे

खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ५० नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे मोहर झाली सुमारे ९ ग्रॅमची. अंगभर पोलादी चिलखताला १,५०० मोहरा पडतात. सोने झाले साडेतेरा किलो. चिलखताचे स्वतःचे वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. लोखंड देऊन त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे सोने घेणारा लोहार गावात असेल, तर टेकडीवरचा किल्ला त्याचाच असणार. कुणी विचारल्यास तसे बिनदिक्कत सांगावे.

तुलनेला खरे मध्ययुग हाताशी असू द्यावे. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये ‘नोबल’ हे सोन्याचे नाणे काढले. तेही सुरुवातीला सुमारे ९ ग्रॅमचेच होते आणि ८० पेनींना चाले. पुढे प्लेगने माणसे गेली, मजुरी चढू लागली, म्हणून १३५१ मध्ये सरकारने दर बांधून दिले. त्यात मुख्य सुताराला दिवसाचे ३ पेनी होते. एका नोबलसाठी त्याला जवळपास महिनाभर राबावे लागे. खेळातला कसबी कारागीर रोज दोन मोहरा घेतो आणि तरी तक्रार करतो.

पायरी २ : महागाईला सबब द्यावी

सबब तयार आहे. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकातच सांगून ठेवले आहे की, हे भाव सोन्यासाठी झुंबड उडालेल्या अलास्कातल्या गावांसारखे समजावेत, जिथे एक अंडे डॉलरला विकले जाई. साहसवीर जातात तिथे पैसा वाहतो, म्हणून सगळे महाग.

यावर ऑडिटर विचारेल, “मग बिनकसबी मजुराला दिवसाची चांदीची दोनच नाणी का?” दहा चांदीच्या नाण्यांची एक मोहर. म्हणजे न खाता-पिता साडेवीस वर्षे राबल्यावर त्याचे एक चिलखत होणार. या प्रश्नाला उत्तर नाही. येथे गॉब्लिनांचा हल्ला घडवून आणावा.

पायरी ३ : शिडी दुकानात ठेवू नये

खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी तांब्याच्या ५ नाण्यांना मिळत असे आणि दहा फुटी काठी चांदीच्या २ नाण्यांना, म्हणजे तांब्याच्या २० ना. शिडीत मुळात अशा दोन काठ्याच असतात. नियमाप्रमाणे माल निम्म्या किमतीत विकला तरी दोन काठ्यांचे २० आले. भांडवल चौपट, शिवाय पायऱ्यांचे सरपण फुकट.

हा शोध लागलेली टोळी राजकन्येला सोडवायला जात नाही. तिला थांबवण्याचा वास्तववादी मार्ग एकच : बाजार भरू द्यावा. दहा फुटी काठीचा उपयोग जमीन टोचून सापळे शोधण्यापुरता, आणि तसले गिऱ्हाईक पंचक्रोशीत हीच टोळी. दुसऱ्या दिवशी दुकानदार काठ्यांकडे पाहून म्हणेल, “राहू द्या, साहेब.”

पायरी ४ : तलवार ओतू नये

लाल रसरशीत लोखंड साच्यात ओतले की तलवार तयार, हे दृश्य सिनेमात शोभते. लोखंड वितळते १,५३८ अंश सेल्सिअसला आणि भात्यावर चालणारी जुनी लहान भट्टी तिथवर पोहोचत नसे. तिच्यातून निघे मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून, घणाने ठोकून मळी बाहेर काढायची, मग पाते ओढायचे, मग त्याला पाणी द्यायचे. ओतता येते ते बीड; पण बिडाची तलवार घाव घालणाऱ्याच्याच हातात तुटेल.

खेळाडू खाणीचा पत्ता विचारतात. त्यांना आधी जंगलाचा पत्ता द्यावा. भट्टी लाकडी कोळशावर चालते आणि तो करायला लाकडाचे ढीग मातीखाली दिवसेंदिवस धुमसत ठेवावे लागतात. सैन्याला तलवारी द्यायच्या तर डोंगर बोडके होतात. एल्फ आणि ड्वार्फ यांच्या सनातन वैराचे कारण येथे उलगडते : सरपण. त्यावर तोडगाही आहे. इंग्लंडच्या वील्ड भागात लोखंडवाले झाडे बुंध्याशी छाटत आणि फुटवे वाढले की पाळीपाळीने पुन्हा तोडत. एल्फांशी असा करार करावा. महाकाव्याची मजा जाईल, कोळसा मिळेल.

पायरी ५ : जादूगाराला खाणीजवळ फिरकू देऊ नये

२०११ च्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये एक मंत्र आहे. त्याने लोखंडाच्या खनिजाची चांदी होते आणि चांदीचे सोने. आता विचार करावा. मंत्र पाठ असलेला एक जरी आळशी माणूस राज्यात असेल, तर सोन्याचा भाव लोखंड अधिक त्याची मजुरी, याच्या फार वर राहू शकत नाही. लोखंड मात्र कडाडेल, कारण सगळे त्याचे सोनेच करत बसतील. नांगराला फाळ मिळणार नाही. शेतकऱ्यांनी मंत्रबंदीसाठी मोर्चा आणल्यास तो रास्त समजावा.

त्याच जगात लोहार शेकडो एकसारखे लोखंडी खंजीर विकत घेतो, हजारेक मोहरांची पेटी रिकामी करतो आणि दोन दिवसांनी ती पुन्हा भरलेली असते. पैसे कोण देतो हे त्याला विचारू नये. अनुदान असावे.

पायरी ६ : ड्रॅगन मारण्यापूर्वी परिणामांचा अभ्यास करावा

शतकानुशतके सोन्यावर बसलेला ड्रॅगन म्हणजे चलनटंचाई. युरोपात १५ व्या शतकात ती ड्रॅगनविनाच आली : सोने-चांदी मसाल्यांपायी पूर्वेकडे गेली, खाणी आटल्या, कित्येक टाकसाळींना टाळे लागले. उलट ड्रॅगन मारून गाड्या भरून सोने शहरात आणले तर काय होते, हे कैरोने १३२४ मध्ये पाहिले. मालीचा राजा मन्सा मूसा हजला जाताना तिथे इतके सोने वाटून गेला की पूर्वी २५ दिरहमांच्या खाली न येणारा सोन्याचा मिस्काल २२ पर्यंत उतरला. बारा वर्षांनंतर आलेल्या अल्-उमरीने भाव अजून सावरला नसल्याचे लिहून ठेवले. मूसाने कुणाला मारले नव्हते, गाव जाळले नव्हते. नुसती उदारता दाखवली होती.

पायरी ७ : व्यापार उधारीवर चालवावा

मध्ययुगीन व्यापारी थैल्या खुळखुळवत क्वचितच फिरे. फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या जत्रांत येणी-देणी एकमेकांत वळती होत आणि उरलेले तेवढे चुकते होई. लांबच्या पैशाला हुंडीसारखे कागद होते. इंग्लंडात काठीवर खाचा पाडून ती उभी चिरत आणि दोन्ही पक्ष एकेक अर्धा ठेवत. वाटेतला खरा राक्षस म्हणजे जकात नाका. ऱ्हाइन नदीवर ते डझनावारी होते. दरोडेखोराला मारता येते. पावती देणाऱ्याला मारले की सरकारशी गाठ पडते.

एवढे झाल्यावर ऑडिटर आपला प्रस्ताव मांडेल : “ड्रॅगनला मारायचंच कशाला? सोनं गुहेतच राहू दे. आपण त्याच्यावर पावत्या काढू. भावही पडणार नाही आणि राखणीचा खर्चही नाही.” अर्थशास्त्राने यात खोट काढता येणार नाही. ड्रॅगनही बहुधा मान्य करेल. डंजन मास्टरने घाबरू नये. जुने नियम उघडावेत. त्यांत सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक मोहरेमागे एक अनुभवगुण मिळत असे. म्हणजे या जगात सोने मुळात चलन नव्हतेच, ते परीक्षेतले गुण होते. चिलखत महाग ठेवले तेही नवशिक्याने पहिल्याच दिवशी ते घालून येऊ नये म्हणून. तेव्हा पावत्या अवश्य छापू द्याव्यात, शिक्काही उमटवू द्यावा. फक्त पावतीवर अनुभवगुण देऊ नयेत. गुहेबाहेर सोने आले तरच गुण, असे ठणकावून सांगावे. पाच मिनिटांत ऑडिटर स्वतःच तलवार उपसेल.