एसीच्या रिमोटचा तह

सामायिक कार्यालयातील बरीच भांडणे एसीच्या रिमोटपाशी सुरू होतात. झोताखाली बसणारी व्यक्ती एप्रिलमध्येही शाल पांघरते. पश्चिमेच्या खिडकीजवळची फाइलने वारा घेते. १ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबल असलेले नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवर चालू व्हावेत, असा केंद्राचा नियम आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब. सरकारने तंटा मिटवला, फक्त रिमोटवरची बटणे तशीच ठेवली.

त्यामुळे रूढ मार्ग चालूच आहेत. समोरचा डबा खायला उठला की आकडा गुपचूप बदलणे हा सर्वांत प्रतिष्ठित. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाला थंडी वाजतेय का?’ असे निरागसपणे विचारणे हा दुसरा. त्याला उत्तर म्हणून फक्त अंगठे येतात. साहेबांकडे गेल्यास ‘आपसात मिटवा’ असा निवाडा मिळतो (साहेबांच्या केबिनला स्वतंत्र एसी असतो). झोताची पाती वर वळवणे किंवा खुर्च्या बदलणे फुकटात होते, म्हणून ते कुणी करत नाही. अखेर रिमोट शिपाईमामांच्या खणात जातो. मामा बाहेर, पंख्याखाली बसतात.