शोकाचा टंच

अमेरिकेत स्मारक-नाणं काढायचं तर दर वेळी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागतो. आपण 2011 साली एकच नाणे कायदा करून ठेवलाय. राजपत्रात अधिसूचना आली की काम फत्ते. जालियनवाला बागेच्या शताब्दीला, 2019 साली, शंभर रुपयांचं नाणं असंच निघालं.

बेंगळुरूच्या चिकपेटेत विट्याकडच्या एका गलाईवाल्याच्या तळहातावर ते ठेवलं. त्याने तोललं, कडेवरून नख फिरवलं.

"पस्तीस ग्रॅम भरतंय. पर चांदी निम्मीच की हो! बाकी तांबं, निकेल, जस्त. आन् वितळवायचं म्हणाल तर गुन्हा."

शोकालाही टंच असतो तर! खर्चायला काढलं, तर शेजारचा साडीवाला म्हणाला, यूपीआय करा.

खुद्द या पेटेने, तेव्हा म्हैसूर संस्थानात असताना, 1898 चा प्लेग सोसला. दाटी मोडायला मल्लेश्वरम, बसवनगुडी वसली. मेलेल्यांच्या नावचं नाणं कुणी पाडलं नाही. तिकडे ब्रिटिश मुलखातल्या प्लेगग्रस्तांना निदान कायदा तरी मिळाला, 1897 चा. त्याच्या चौथ्या कलमात संरक्षण होतं, सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यांना, खटल्यांपासून.