अकरा काड्यांचं एक खोड

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी वाकलेल्या दिसल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आदल्या दिवशी मंडईबाहेरून आणून, हळदकुंकू वाहून, सूत गुंडाळून पुजलेल्या वडाच्या फांद्या होत्या त्या. काकूंनी सूत सोडवलं, फांद्या पिशवीत कोंबल्या आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. मला वाटलं, विसर्जन करणार असतील. कसलं विसर्जन! बाईंनी त्यांचा संसार थाटला.

झाडं बांधतात हो या. एकमेकांना. बोन्सायसाठी. आता निम्म्या सोसायटीला हे वेड लागलंय आणि चहाला बोलावून लोक बिस्किटाआधी खोडं दाखवतात.

पद्धत ऐका, म्हणजे प्रकरण कुठल्या थराला गेलंय ते कळेल. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या कापायच्या. कापल्याबरोबर पांढरा चीक गळतो, तो धुऊन टाकायचा, वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची उतरवायची आणि भुसभुशीत मातीत काड्या खोचायच्या. पावसाळी हवेत महिन्याभरात मुळं धरतात. इथवर सगळं सभ्य आहे. पुढे मात्र या अकरा कोवळ्या काड्या मेथीच्या जुडीसारख्या एकत्र उभ्या करतात आणि खालपासून वरपर्यंत करकचून आवळतात. कशानं? बोहरी आळीतून आणलेल्या झिप टायनं. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपनं. वॉचमनच्या सायकलची फुटकी ट्यूब गेल्या वर्षी कुठं गेली, हे आता वेगळं सांगायला नको.

काड्या जाड व्हायला बघतात, पण बाहेर जागा नाही. मग शेजारणीच्या अंगावर रेलतात. मधली साल चेपते, सालीखालचा तो ओला, हिरवट थर (झाड जाड होतं ते त्याच्याच जिवावर) पलीकडच्या थराला भिडतो आणि पुढचं लाकूड दोघींचं सामाईक वाढायला लागतं. उतावीळ लोक तर जिथं अंगाला अंग लागणार तिथली साल आधीच खरवडून ठेवतात. शेंड्यांना मात्र कात्री लावायची नाही. वर पानोळा जितका मोकाट, तितकं खाली खोड पोसतं. अधूनमधून बंध सोडून पुन्हा बांधायचे, नाहीतर वळ उठतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत.

आणि सगळ्यात मोठा अनाचार तर पुढेच आहे. काड्या सगळ्या एकाच झाडाच्या हव्यात! वेगवेगळ्या झाडांच्या घेतल्या, तर एकीला तांबूस पालवी फुटलेली असते आणि दुसरी अजून पानं गाळत बसलेली असते. बघणाऱ्याला लगेच कळतं की हे एक झाड नव्हे, बचत गट आहे. म्हणजे आपल्याकडे सगोत्र म्हटलं की पत्रिका परत जायची, आणि इथं सगोत्रच लागतं.

एवढं करून मिळतं काय? दोन-तीन वर्षांत मनगटाएवढं खोड. एकट्या काडीला कुंडीत एवढं अंग धरायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. बोन्साय करणाऱ्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे धीर, आणि तोच या मंडळींनी झिप टाय लावून आखडून घेतलाय. (माझ्या ग्रिलमध्ये सात काड्यांची जुडी दिसेल. ती नांदरुकाची आहे आणि निव्वळ अभ्यासासाठी आहे.)

नांदरुकाचं म्हणाल, तर जाणकार तेच घेतात. वडाचं पान पंजाएवढं. ट्रेमध्ये चार पानं आली की झाड संपलं. नांदरुकाचं पान लहान, वाढ झपाट्याची. पण काकूंना वडच हवा होता. फुकट मिळाला ना.

वड, पिंपळ, नांदरुक, सगळे उंबराच्याच कुळातले, आणि या कुळाची ही खोड जुनीच आहे. पक्ष्यानं बी टाकलं की दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात रुजायचं, मुळं खाली सोडायची, ती जिथं एकमेकींना भेटतील तिथं जुळवून जाळी करायची आणि आतल्या यजमानाचा हळूहळू निकाल लावायचा. हावड्याच्या शिबपूरमधल्या वनस्पती उद्यानातला तो प्रचंड वड बघा. त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून 1925 साली ते काढून टाकलं, तरी पारंब्यांवर तो जगतोय आणि पसरतोय. तिकडे मधलं खोडच नाही आणि झाड आहे. इकडे झाडाचा पत्ता नाही आणि खोड तयार.

यंदा सोसायटीच्या गणपतीत काकूंनी आपलं ते खोड मांडवात ठेवलं. खोटं कशाला बोलू, देखणं आहे. खालून फाकलेलं, वर निमुळतं आणि मध्यावर एक ढोली. त्या ढोलीवर सगळे खूश. केवढं जुनं, केवढं जुनं. ती ढोली म्हणजे पहिल्याच वर्षी वाळलेली अकरावी काडी. तिच्या जागी पोकळी राहिली, बाकीच्या तिच्याभोवतीनं मिटत आल्या. मेलेलीसुद्धा कामाला लावली बाईंनी!

शेजारी पाटी होती. वड. वय 31 वर्षे.

मी काकूंना बाजूला घेतलं. म्हटलं, ‘‘काकू, मी स्वतः बघितलंय तुम्हाला डब्यापाशी. तीन वर्षं झाली फक्त.’’

‘‘दहा त्रिक तीस,’’ काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘आणि गेली ती बिचारी एक वर्षाची होऊन गेली.’’