वामनाचा गेट पास

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीबद्दल रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या वाचकांची पहिली तक्रार अशी, की लेखकाने शेवट मुखपृष्ठावरच छापून टाकलाय. “परत येत नाही हे आधीच कळलं, तर वाचायचं काय?” असं कोलाड-रोहा रस्त्यावरचा चहावाला विचारतो, आणि मराठी समीक्षेकडे या प्रश्नाला आजवर उत्तर नाही. शिवाय परत न येण्याचं आमच्या तालुक्याला अप्रूप ते काय? मुंबईला गेलेला पोरगा, मतदानानंतरचा उमेदवार, महामार्गाचं काम अर्धवट टाकून गेलेला ठेकेदार, अशी आमची यादी लांबलचक आहे. त्यात एका यंत्रमानवाची भर.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही (आणि ज्यांनी तिच्यावर ठाम मत दिलं, ते बहुतेक याच गटातले) त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. एका वैज्ञानिक प्रयोगासाठी जमिनीत खोल खोदकाम चाललेलं असतं. तिथे एक बंद पेटी सापडते. कधीकाळी आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेल्या संस्कृतीने आपलं ज्ञान त्यात जपून ठेवलेलं. आजचे शास्त्रज्ञ ते ज्ञान उलगडतात, त्यातल्या सूचनांबरहुकूम एक यंत्रमानव तयार करतात आणि त्याचं नाव ठेवतात वामन. वामन हुशार आहे, नम्र आहे, कामसू आहे. त्याची मागणी एकच: स्वतःसारखे आणखी वामन बनवायचं कसब त्याला हवंय. ती संस्कृती पुढे कशाने बुडाली, हे कळायला मग फार वेळ लागत नाही. हे सगळं नारळीकरांनी लिहिलं ते 1980च्या दशकात, जेव्हा बँकेत संगणक आला म्हणून कर्मचारी निदर्शनं करत होते.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले आणि दुपारपर्यंत आमच्याकडच्या प्रत्येक मोबाईलवर ‘विज्ञानाकाशातला तारा निखळला’ असं झळकलं. तारा निखळत नसतो, जे पडताना दिसतं ती उल्का असते, हे पोरांना समजावण्यात ज्या माणसाने हयात घालवली, त्यालाच आम्ही असा निरोप दिला. त्या दुःखाच्या भरात कुणीतरी कपाटातून कादंबरीची एक जुनी प्रत काढली आणि ती कंपनीच्या बसमधून फिरू लागली. सेकंड शिफ्टकडून नाइटला, नाइटकडून जनरलला. प्रतीच्या कडेवर निळ्या अंगठ्याचा ठसा आहे, म्हणजे ती पिगमेंटवाल्यांकडे जाऊन आली. एका पानावर अॅसिडचं बारीक भोक आहे. ते नेमकं ‘धोका’ या शब्दावर पडलंय असं सांगतात, पण इतका चोख योगायोग मी तरी छापणार नाही.

सर्वांत कसून वाचली ती एका प्लांटच्या शिफ्ट इंजिनिअरने. हातात पेन्सिल घेऊन, समासात शेरे मारत. खोदकामाला वर्क परमिट नाही. इतक्या खोल उतरताना ऑक्सिजन तपासल्याची नोंद नाही. सीलबंद पेटी, वर लेबल नाही, आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि तरी उघडली! “आमच्याकडे साधा ड्रम उघडायचा तरी एमएसडीएस, म्हणजे रसायनाच्या धोक्यांचा कागद, बघावा लागतो,” तो म्हणाला. त्याच्या शेड्यूलप्रमाणे ही कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच अपघाताने संपायला हवी होती. विज्ञानकथेचा असा वाचक जगात दुसरीकडे मिळणार नाही. कथानक त्याने एका ओळीत निकालात काढलं: ‘निअर मिस, रिपोर्ट करणे.’ मी त्याला विचारलं की तुमच्या गोडाऊनमागे जे ड्रम पावसाळ्यापासून उभे आहेत, त्यांच्यावरची लेबलं कुठे गेली? तो म्हणाला, तो विषय वेगळा, ते वास्तव आहे.

दुसरा वाचकवर्ग पेटीपाशीच थांबला. त्याला पुढे जायची गरजच वाटली नाही. “म्हणजे आपल्याकडे सगळं होतं!” हे वाक्य गावातल्या व्हॉट्सअॅप गटावर तीन प्रकारच्या फुलांसकट आलं. खाली ‘खगोलशास्त्रज्ञ डॉ. नारळीकर यांनी सिद्ध केले’ अशी जोड. कादंबरीत सिद्ध केलेलं मान्य करायचं असेल तर फास्टर फेणेलाही पद्म पुरस्कार द्यावा लागेल. आणि कोणाच्या नावावर खपवताय, तर ज्याने 2008 साली अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली त्याच्या! हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या, ज्योतिषांना त्यातल्या 40-40 दिल्या, आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर 50 टक्क्यांच्या आसपास गेले असते. हे मी गटावर लिहिलं. उत्तर आलं: “46 टक्के म्हणजे पास!”

नारळीकरांना हे ठाऊक असणार, कारण त्यांनी ‘धूमकेतू’ कथेत असाच वाचक आधीच लिहून ठेवलाय. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ गाजावाजा न करता बाजूला वळवतात, आणि घरी शांतियज्ञ केलेली मंडळी म्हणतात, बघा, यज्ञ फळला.

ठेकेदाराने मात्र कादंबरी एका बैठकीत वाचली आणि खूश झाला. यंत्रमानवाला पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनसचा संप नाही. मुख्य म्हणजे तो गणपतीत सुट्टी मागणार नाही. कोकणातला कारखाना चालवणाऱ्या माणसालाच या वाक्याचं वजन कळेल. भाद्रपदात इथे बॅच शिजवायला माणूस मिळत नाही, शिमग्यात मिळाला तर पालखीच्या वेळेला नाहीसा होतो. ठेकेदाराने वामनासाठी गेट पासचा फॉर्मही मनातल्या मनात भरला. वडिलांचं नाव: प्राचीन संस्कृती. ओळखीची खूण: सर्वांगावर स्क्रू. फक्त ‘स्थानिक आहे का’ या रकान्यापाशी तो अडला, कारण 80 टक्के भूमिपुत्रांचा आग्रह इथे प्रत्येक मोर्चात होतो. मग त्यालाच सुचलं, ज्याची कृतीच जमिनीखालून निघाली त्याच्याइतका अस्सल भूमिपुत्र कोण? असं सगळं जुळून आलं आणि मग तो त्या पानावर पोचला जिथे वामनाला स्वतःच दुसरे वामन बनवायचेत. पुस्तक मिटून म्हणाला, “हे चुकीचं आहे. माणसं तोच आणणार, तर माझं कमिशन?” यंत्रमानवाच्या पुनरुत्पादनाला नीतीच्या आधारावर झालेला धाटावमधला हा पहिला विरोध.

पेणच्या एका मूर्तिकाराकडेही ही प्रत पोचली. तिकडे गणपतीच्या कार्यशाळेला कारखानाच म्हणतात, त्यामुळे त्याला विषय परका वाटला नाही. एका साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती काढाव्यात, तो म्हणाला, पण जी मूर्ती स्वतः साचा बनवू लागेल ती कारखान्यात ठेवू नये. एवढंच बोलून तो डोळ्यांच्या आखणीला लागला. आखणी करताना तो कोणाशी बोलत नाही. मला वाचनातला नेमकेपणा या माणसाकडे दिसला, पण तो अभिप्राय देत नाही आणि त्याला व्यासपीठावर कोणी बोलावत नाही.

व्यासपीठावर बोलावतात ते साहित्यिक. तालुक्याच्या साहित्यिकांचं म्हणणं नेहमीचंच: कल्पना छान, पण यात माणूस कुठे आहे? भावबंध कुठे आहेत? विज्ञानकथेला हा प्रश्न विचारायचा असतो हे आमच्याकडे परंपरेने ठरलंय, जसं मुलगी बघायला गेल्यावर स्वयंपाक येतो का विचारायचं असतं. हीच परंपरा ओळखून 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्याच आद्याक्षरांची उलटी माळ, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाबाईंच्या हातचं. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची भाषणात दखल घेतली. मग साहित्यविश्वाने सुमारे 45 वर्षं विचार करून 2021च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं, तेव्हा तब्येतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. अध्यक्ष आले नाहीत यावर जेवढं बोललं गेलं, तेवढं त्यांच्या एखाद्या कादंबरीवर बोललं गेलं असतं तर मी हे सदर लिहिलंच नसतं.

तालुक्याच्या साहित्यिकांना मी सुबोध जावडेकरांबद्दलही विचारलं. विज्ञानकथाकार, आयआयटीतून शिकलेले केमिकल इंजिनिअर, म्हणजे धाटावचे जातभाईच. उत्तर मिळालं, “कुठल्या कंपनीत आहेत?”

आणि मग रोठकडच्या एका म्हाताऱ्यांनी ही गोष्ट ऐकली. वाचली नाही, नातवाकडून ऐकली. एमआयडीसी आली तेव्हा ते ऐन जवान होते, आता प्रकल्पग्रस्ताचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवतात. ते म्हणाले, “वामन परत न आला? येडा का काय तो लिवणारा! आमच्याकडं आला तो गेलाच नाय. बळीकडं त्यानं तीन पावलं मागितली. आमच्याकडं सर्व्हे नंबर मागितलंन. पहिल्या पावलात शेत गेलं. दुसरं पाऊल कुंडलिकेत ठेवलंन. तिसरं कुठं ठेवू म्हणाला, तवा मी पोराचं डोकं पुढं केलं, म्हटलं ह्याला कामाला लाव. तो अजून ठेकेदाराकडंच हाय.”

यावर कोणी काही बोललं नाही, म्हणून त्यांनीच पुढे सांगितलं की विज्ञानाची गोष्ट वाचायची कशाला, आमची नदीच बटणावर चालते. आणि ते खरं आहे. मुळशीच्या ज्या धरणासाठी जमिनी गेल्या, ज्याच्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. वीज करून झाली की ते कुंडलिकेत सुटतं. ते सुटलं की कोलाडला मुंबईचे पाहुणे लाल-निळी जाकिटं चढवून राफ्टिंग करतात, किंचाळतात, फोटो काढतात. तीच नदी थोडं पुढे आली की धाटावच्या अंगाला लागते. तिथे कोणी जाकीट घालून उतरत नाही. मासे पांढरे पोट वर करून तरंगले की बातमी येते, पाण्याचे नमुने घेतले जातात, आणि नमुने घेतल्याची बातमी येते. रात्री अडीचला वास आला तर खिडकी लावायची की उघडायची, यावर इथल्या घराघरांत दोन पक्ष आहेत. नारळीकरांना इतकं सगळं एका कादंबरीत घालता आलं नसतं, आणि घातलं असतं तर समीक्षकांनी अतिशयोक्तीचा ठपका ठेवला असता.

राहिला तो नातू. आयटीआयला आहे, अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड. त्याने शिफ्ट इंजिनिअरला बसमध्ये गाठून विचारलं, “सर, ती आधीची माणसं एवढी हुशार होती, यंत्रमानवामुळे आपण बुडतोय हे त्यांना कळलं होतं, तर पेटीतल्या पहिल्या पानावर ‘हे बनवू नका’ असं का नाही लिहिलं?”

इंजिनिअर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “लिहिलं असेल रे. पहिलं पान वाचतो कोण? आपण थेट कृतीवर जातो.”

कादंबरीवर आलेल्या सगळ्या प्रतिक्रियांत मला दखलपात्र वाटल्या त्या या दोन. नारळीकर मुलांना वहीवर सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवतो, त्याखाली सही असेल. त्या मुलाचं पोस्टकार्ड त्यांना जायला हवं होतं. उशीर झाला.

तेव्हा धाटावच्या समस्त एचआर आणि सेफ्टी विभागांना या सदरातर्फे विनंती. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतोय. मागोमाग सुरक्षा सप्ताह, त्यात घोषवाक्य स्पर्धा. हल्ली ही घोषवाक्यं चॅटजीपीटी लिहून देतं, म्हणजे ‘सावध राहा’ हे आपल्याला वामनच सांगतोय. यंदा स्पर्धा रद्द करा. कामगारांना ही कादंबरी द्या, महिनाभर मुदत द्या, आणि प्रत्येकाकडून अभिप्राय नको, एक प्रश्न लिहून घ्या. ज्याच्या प्रश्नाचं उत्तर प्लांट मॅनेजरला देता येणार नाही, त्याला पहिला नंबर. बक्षीस म्हणून नारळीकरांचं ‘प्रेषित’ चालेल, ‘व्हायरस’ चालेल. स्टीलचे डबे देऊ नका, ते आता प्रत्येकाच्या घरी चार-चार झालेत.