कूलरचं गवत

नागपूरच्या मनीषनगरात घरामागच्या चिमूटभर जागेत बाग करायची, तर आधी खराट्याशी वैर पत्करावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कडुनिंब पानं गाळू लागला की रोज सकाळी अख्खी गल्ली खरवडून निघते. अंगण लख्ख, माती उघडी आणि कोपऱ्यात पानांचा ढीग पेटलेला. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. पण ढीग पेटवणारे निकाल वाचायला थांबत नाहीत.

ती पानं मी मोगऱ्याच्या आळ्यात पसरली, तर कामाच्या मावशींनी झाडून नेली. पुन्हा पसरली, पुन्हा गेली. "ताई, येवढा कचरा कायले ठेवता दारात? लोकं काय म्हणतीन?" मी त्यांना आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं सांगितलं. त्यांच्या नैसर्गिक शेतीचे चार खांब जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा. म्हणजे हा पालापाचोळा त्यातला तिसरा खांब. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना! मावशींनी खराटा न थांबवता निकाल दिला, "वावराची भेटली असन. अंगणाची नाही."

खरं तर आच्छादनाचं काम साधं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की इथल्या काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडतात. उघड्या मातीतला ओलावा वर चढतो आणि उडून जातो. वर दोन-तीन इंचांचा कोरडा थर असला की ऊन मातीला भिडत नाही, वाफ अडते, तणाला डोकं वर काढता येत नाही, आणि थर खालून कुजत खत होत जातो. फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायची. नाहीतर खोड सडतं आणि उधईला आवतण जातं.

आणि या मालाची नागपुरात काय कमी? नवा हंगाम आला की घराघरांतून कूलरच्या जुन्या ताट्या बाहेर पडतात. लाकडाच्या किसाचं ते गवत क्षार पिऊन पांढरं, कडक झालेलं असतं. धुऊन, वाळवून, मोकळं करून घ्यायचं. गंमत अशी की कूलरमध्ये असताना पाणी जितकं उडवेल तितकं ते गुणी. कुंडीत आलं की पाणी उडू न देणं हेच त्याचं काम. इतकी उलटी बदली सरकारी खात्यातसुद्धा होत नसेल.

मावशींना हे गवत मात्र एका झटक्यात पटलं. पानं काय, फुकट पडतात. ही ताटी पैसे मोजून आणलेली. आता कूलर उघडला की त्याच विचारतात, "हे कोणत्या झाडाले टाकू?" आणि ते नीट पसरता यावं म्हणून आळ्यातली पानं आधी झाडून काढतात.