गाईचे दोन हिशेब

गोपालन किफायतशीर आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल अलीकडे गोठ्याऐवजी कागदावर लागतो; आणि कागद दोन जातींचे असल्यामुळे निकालही दोन लागतात.

पहिला कागद खाजगी, म्हणजे कर्जाच्या अर्जास जोडावयाचा गुळगुळीत प्रकल्प-अहवाल. त्यातील संकरित गाय इतकी सुशील असते, की ती वेळेवर गाभण राहते, नेमाने विते, दर वेतास कालवडच देते, आणि 2022 साली महाराष्ट्रात लंपी त्वचारोगाने गोठेच्या गोठे हवालदिल केले असले, तरी त्या साथीस अहवालाच्या रकान्यांत शिरण्याची मुभा नसते. कोष्टक पशुखाद्य विकणाऱ्यानेच मांडले असेल, तर पेंड जितकी अधिक तितका नफा अधिक, हा सिद्धांतही विनासायास सिद्ध होतो.

दुसरा कागद सरकारी. त्यास काही विकावयाचे नसते, म्हणून घाईही नसते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेने देशातील गोवंश सुमारे 19.25 कोटी ठरविला. एकविसावी गणना 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. मधल्या काळात मेलेली, विकलेली आणि चाऱ्यावाचून सोडून दिलेली जनावरे सरकारदप्तरी निर्वेध रवंथ करीत राहिली. 2024 साली राज्याने गाईच्या दुधास लिटरमागे 5 रुपये अनुदान मुक्रर केले, तेव्हा जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी, अशी अट पडली. सबब बिल्ला गळून पडलेली गाय सकाळी चरवी भरून दूध देत असली, तरी सरकारच्या लेखी भाकडच ठरली.

या दोन कागदांची भेट दूध संकलन केंद्रावर होते. दर ठरतो 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफला (म्हणजे स्निग्धांशाखेरीजच्या घन पदार्थांना), पावतीवर उमटते 3.4 आणि 8.2. प्रमाण सरकारमान्य, यंत्र डेअरीचे, आणि कपात तेवढी शेतकऱ्याची, अशी ही निर्दोष श्रमविभागणी आहे. पहाटे उठून शेण काढणाऱ्या बाईची मजुरी मात्र अहवाल ‘घरचे मनुष्यबळ’ म्हणून वगळतो, आणि पशुगणना गुरे मोजते, कष्टांचे तास मोजत नाही.

मग विश्वास कोणावर ठेवावा? सरकारी आकडा शिळा असतो, परंतु त्याचे वय वरच्या तारखेवरून कळते. खाजगी आकडा ताजा असतो, परंतु त्यामागील स्वार्थ कोणी छापीत नाही. म्हणून सरकारी आकड्याची तारीख वाचावी, खाजगी आकड्याच्या कर्त्याचा धंदा विचारावा, आणि दूध तपासणाऱ्या यंत्राची तपासणी दूध विकत न घेणाऱ्या माणसाकडून व्हावी, असा तगादा लावावा. तोवर पशुपालकाने पेंड, कडबा, औषध आणि घरच्या बाईची मजुरी धरून आपली वही आपणच लिहावी. त्या वहीत तोटा निघाला, तर निदान तो खरा असेल.