उडत्या छत्रीच्या मालकांस

सातव्या मजल्यावरचे माननीय साहेब,

सा. न. वि. वि.

शनिवारच्या वळवात आपली तीन मीटर व्यासाची बदामी गार्डन छत्री आमच्या टेरेसवर सुखरूप उतरली. काड्या तेवढ्या मोडल्या. आमच्या सोलरच्या काचेच्या चार नळ्याही फुटल्या, पण आपण मनाला लावून घेऊ नये. सोबत आपली पांढरी प्लास्टिकची खुर्चीही आली. दोघींमधली नायलॉनची दोरी बघितली आणि उलगडा झाला. छत्री उडू नये म्हणून आपण ती खुर्चीला बांधली होती! गाठ मात्र अव्वल, एवढ्या प्रवासात सुटली नाही.

नंतर वर आपल्या टेरेसवर येऊन छत्रीचं बूडही पाहिलं. वीस लिटरची प्लास्टिकची टाकी, अर्धी भरलेली, बूच गायब, आत डासांच्या अळ्या. म्हणजे दहा किलो पाणी आणि थोडं पशुधन.

आपण इंजिनिअर आहात असं पाटीवर वाचलं, म्हणून हिशोब मांडायचं धाडस करतो. बूड अर्धा मीटर रुंद, म्हणजे दांड्यापासून कडेपर्यंत पाव मीटर. कापड सव्वादोन मीटर उंचीवर. मधला दांडा ही चांगली लांबलचक तरफ झाली. टाकी काठोकाठ भरली आणि छत्रीचं पाच-सहा किलो वजन त्यात धरलं, तरी हा डोलारा उलटायला कापडाच्या उंचीवर तीनेक किलोचा आडवा रेटा पुरतो. आपण टाकी अर्धीच ठेवून वाऱ्याचे तेवढेही कष्ट वाचवलेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात, समोर आलेल्या दर चौरस मीटरला साडेसात किलो. आपली छत्री आहे सात चौरस मीटरची. ती एकदा कलून वाऱ्याला आडवी आली की पन्नासेक किलोची ओढ लागते, आणि त्यापुढे खुर्ची काय करणार बिचारी?

छत्रीच्या वरच्या झरोक्यातून वारा निघून जातो, असं दुकानदाराने आपल्याला सांगितलं म्हणे. खालून कोंडलेली हवा थोडी निघते, खरं आहे. बाजूने येणारा वारा मात्र झरोका शोधत बसत नाही.

‘पाऊस आला की मिटू’ हे आपलं वाक्यही वॉचमनकडून कळलं. वळवाच्या ढगातून गार हवा खाली कोसळते, जमिनीला आपटून चौफेर पसरते आणि पावसाच्या पुढे धावते. त्यामुळे पहिला थेंब पडला तेव्हा आपली छत्री माझ्याकडे होती.

आता आपण ड्रिल मागवलंय, टेरेसवर अँकर फास्टनर ठोकणार आहात. कृपा करा. तिथे फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा आहे आणि त्याच्या खाली माझी झोपायची खोली. भोक पडलं तर जुलैत माझ्या उशीवर आपली आठवण ठिबकत राहील. त्यापेक्षा दोन फूट लांब-रुंद, अर्धा फूट जाड काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या, मधे दांड्यासाठी पाइप बसवा आणि बीम कुठून गेलाय ते पाहून त्यावर ठेवा. वजन भरेल सव्वाशे-दीडशे किलो. एवढं करूनही छत्री उघडी टाकून महाबळेश्वरला जाऊ नये. वादळी वाऱ्यात हा ठोकळाही पुरा पडणार नाही. खाली जाताना मिटायची, पट्टा आवळायचा, दांडा काढून आडवा ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. लिफ्टची वाट बघण्यात आपला याहून जास्त वेळ जातो.

छत्री वॉचमनच्या केबिनमागे ठेवली आहे. सोलरवाल्याचं बिल सोबत जोडलंय. ते चुकतं होईपर्यंत खुर्ची माझ्याकडेच राहील. बसायला बरी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सहाव्या मजल्यावरचा, सध्या गॅसवर पाणी तापवणारा शेजारी